कांद्याचा पापुद्रा आणि माझं ‘दिसलं’

वनस्पती पेशीची आकृती फळ्यावर काढावी तर मीच, असं मला वाटतं आणि ते अगदीच खोटं नाही. शहरातल्या गारखेडा भागातल्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. हिरव्या खडूनं पेशीभित्तिका, निळ्या ठिपक्यांनी पेशीद्रव्य आणि बरोबर मधोमध गुलाबी केंद्रक. शेजारच्या शाळेतल्या मॅडम त्याचे मोबाइलवर फोटो काढून नेतात. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर, केंद्रक म्हणजे मुख्याध्यापक, लयकारिका म्हणजे सफाई खातं; झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. फक्त एक गोष्ट मी चौदा वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. मी स्वतः पेशी कधी पाहिलीच नव्हती.

त्याचं असं झालं. कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्हा वीस मुलींत एक सूक्ष्मदर्शक होता. रांग लागायची आणि सर बाजूला उभे राहून “दिसलं? चला पुढं” म्हणत राहायचे. माझा नंबर आला तेव्हा मला काळोख दिसला आणि त्यात माझ्याच पापण्या. पुढची मुलगी “दिसलं सर” म्हणून निघून गेली होती, मागची ढकलत होती. मीही म्हणाले, “दिसलं सर.” आकृती पुस्तकातून उतरवली आणि चांगले मार्क मिळवले.

पुढं मी शिकवायला लागले आणि तीच रांग माझ्या प्रयोगशाळेत लावली. प्रयोगशाळेचं सगळं बघणाऱ्या आमच्या आपा जुनी तयार स्लाइड लावून द्यायच्या, मुलं डोळा टेकवून “दिसलं मॅडम” म्हणायची, मी नावापुढं खूण करायची. अर्ध्या तासात अख्खा वर्ग पेशी बघून मोकळा व्हायचा.

मागच्या वर्षी ती स्लाइड फुटली. माझ्याच हातून, आणि नेमक्या त्या दिवशी आपा रजेवर. म्हटलं, त्यात काय एवढं! कांदा सोलला, पापुद्रा ओढला, काचेवर ठेवून वर पाण्याचा थेंब टाकला आणि पातळ काच दाबून बसवली. डोळा लावला तर चक्क काहीतरी दिसलं. ठसठशीत काळ्या काठांचे गोल गोल. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, “या रे, पेशी बघा!”

मुलं आली आणि “दिसलं मॅडम, दिसलं मॅडम” करत पुढं गेली. अडली ती एकच. लासूर स्टेशनकडच्या एका खेड्यातली मुलगी, घरी मेंढरं आणि थोडा कांदा. शिकायला इथं मावशीकडं राहायची. तिनं डोळा लावला तो काढेचना.

“मॅडम, फळ्यावर तुम्ही विटांवानी काढल्या व्हत्या. ह्या तर गोल हायेत. अन् केंद्रक बी नाय.”

‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायला काय जात होतं? पण मी म्हणाले, “हा कांदा अजून लहान आहे. मोठा झाला की होतात चौकोनी.”

ती अगदी शांतपणे म्हणाली, “पर मॅडम, ह्यो तर काढून बाजारात आलाय. आता कुठं वाढंल?”

वर्ग फिदीफिदी हसला. मी तिला जागेवर बसवलं, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी जर्नलं तपासायला घेतली. पानामागून पान गोलच गोल, आणि खाली सुवाच्य अक्षरात ‘कांद्याच्या पेशी’. मी लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत सुटले. तिच्या पानावरही गोल होते, काठाच्या जाडीसकट हुबेहूब. खाली लिहिलं होतं, ‘गोल दिसले. पेशी आहेत का ते कळलं नाही.’ पेन तिथंच थांबलं. बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरून ज्या माणसानं पहिल्यांदा त्या रिकाम्या खोल्या पाहिल्या, त्याला आधी कुणी फळ्यावर काढून दाखवल्या नव्हत्या. दिसलं तेवढंच त्यानं काढलं. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगते. आणि नेमकं तेच करणाऱ्या एकुलत्या एक पोरीला मी गप्प बसवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत.

मधल्या सुट्टीत डबा न उघडताच मी प्रयोगशाळेत गेले. पुन्हा तशीच स्लाइड करून आपांना दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि ओढणी तोंडाला लावून हसायला लागल्या.

“मॅडम, ये तो हवा है. बुलबुले! काच सीधी नक्को रखो. तिरछी टेकाके हल्लू छोड़ो.”

“आपा, तुम्हाला येतं हे? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“आप पूछेच नहीं.”

त्यांनी नवा पापुद्रा घेतला, कुठं दुमडू दिला नाही. खालचा आरसा खिडकीकडं वळवला आणि मला बसवलं. मी पाहिलं. विटेला वीट लागून भिंतच्या भिंत उभी होती, नजर जाईल तिथपर्यंत! आणि प्रत्येक विटेत एक फिकट ठिपका. मधोमध नव्हे, बहुतेक ठिकाणी कडेला सरकलेला.

“आपा, मुख्याध्यापक कोपऱ्यात बसलेत!” मी म्हणाले. हसता हसता मला रडूच आलं. आपांना काही कळलं नाही, पण माझ्या पाठीवर हात फिरवत त्याही हसत राहिल्या.

त्याच दुपारी मी वर्गाला सगळं सांगितलं. बुडबुड्यांचं, माझ्या थापेचं आणि कॉलेजातल्या पापण्यांचंही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मला पण पापण्याच दिसल्या होत्या.” बघता बघता अर्ध्या वर्गानं हात वर केले. आम्ही इतके हसलो की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग नियम ठरला. प्रयोगशाळेत ‘दिसलं’ या शब्दाला बंदी. काय दिसलं ते सांगायचं, आणि दिसेपर्यंत कुणी उठवायचं नाही.

एका वर्गाला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी लासूरकडच्या त्या मुलीचा नंबर आला. कांदा तिनं घरचा आणला होता. पेशी रंगवायचं आयोडीन संपलं होतं, म्हणून आपांनी पापुद्रा नुसत्या पाण्यात ठेवून दिला आणि मोठं भिंग लावलं. ती बराच वेळ बारीक स्क्रू फिरवत राहिली.

“मॅडम, ह्याच्यात कायतरी चालतंय.”

‘टेबल हललं असेल’ असं ओठांवर आलेलं मी गिळलं. “काय चालतंय?”

“बारीक बारीक कण. येकामागं येक. मेंढरं बांधाबांधानं जात्यात ना, तसं. कडंकडंनं.”

पेशीद्रव्य वाहतं, पेशीतला माल इकडून तिकडं नेतं, हे मी वाचलं होतं. फळ्यावर मात्र त्याचे चौदा वर्षं निळे ठिपके काढले होते, जागच्या जागी थिजलेले. मी तिच्या जागी बसले. भिंती दिसल्या, केंद्रक दिसलं. चालणारं काहीच दिसेना. सगळा वर्ग माझ्या पाठीशी गोळा झाला होता.

“दिसलं का मॅडम?” तिनं विचारलं.

तो जुना शब्द जिभेवर आयता होता.

“नाही,” मी म्हणाले. “मला नाही दिसत.”

“घाई नका करू. बारीक स्क्रू लई हळू फिरवा. अन् मधी नका बघू, कडंला बघा.”

तिचं बोट माझ्या बोटाशेजारी येऊन स्क्रूवर टेकलं. भिंतीलगत एक कण हलला. थांबला, पुन्हा निघाला. त्याच्यामागं दुसरा, मग तिसरा, मग रांगच्या रांग. काढून झालेल्या, शेतातून शहरात आलेल्या त्या कांद्यात अजून कामं चालू होती.

“दिसलं गं!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मॅडम, नुसतं दिसलं नाय चालत,” पाठीमागून सगळी पोरं एका सुरात ओरडली. “काय दिसलं?”

“मेंढरं,” मी भिंगावरचा डोळा न काढता म्हणाले. “मेंढरं चाललीत.”