आत राहिलेलं बटण

महाराष्ट्र नवा होता आणि मेहकरच्या आमच्या गल्लीतली वीजही नवी. ती दिवसातून दोनतीनदा जायची, आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नसे.

नवऱ्याचं सुतारकामाचं दुकान होतं. त्याने खामगावहून एक जुनी ड्रिल मशीन आणली. खटका दाबला की फिरे, सोडला की थांबे. खटक्याशेजारी एक लहान बटण होतं. ते आत ढकललं की बोट काढलं तरी मशीन फिरतच राही. सागाच्या चौकटीला भोकं पाडताना बोट दुखतं, म्हणून तो सर्रास बटण लावून काम करी. फळी धरायला मी असे, म्हणून हे मला ठाऊक.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पूजेनंतर दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून त्या सकाळी तो शेवटची चौकट उरकत होता. अर्ध्यात वीज गेली. त्याने मशीन होती तशीच सतरंजीवर, हत्यारांच्या रांगेत ठेवली आणि आंघोळीला गेला.

मी नैवेद्य घेऊन आले तेव्हा करवत, रंधा, पटाशी यांना कुंकू लागलं होतं. सासूबाई मशीनच्या तोंडाभोवती झेंडूचा हार गुंडाळत होत्या. दोरा सुटू नये म्हणून त्याचं दुसरं टोक त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं.

बटण आत होतं. पिन बोर्डात. बोर्डाचं बटणही चालू.

"आत्याबाई, हात काढा," मी सासूबाईंना म्हटलं.

"थांब वं. पूजा चालू हाये, दिसत नाई?"

"अवो, वीज आली तं फिरन ते!"

"काई फिरत नाई. मेल्यावानी पडेल हाये."

बोर्ड रांगेपलीकडच्या भिंतीवर होता. एका बाजूला लाकडांची थप्पी, दुसऱ्या बाजूला सासूबाई. मी नैवेद्य खाली ठेवला आणि हत्यारांवरून उडी घेतली. पाय रंध्याला लागला. पिन उपसली.

"काऊन वं, लाथ मारतं हत्याराले? आजच्या दिवशी? माहेरी हेच शिकवलं तुले?"

त्यांचं बोलणं संपायच्या आत डोक्यावरचा बल्ब लागला. मशीन गप्प पडून होती.

"पाह्य, आली वीज. फिरलं का काई?"

आईचा आवाज ऐकून नवरा ओल्या अंगाने धावत आला. मी सासूबाईंच्या मनगटावरचे वेढे सोडवले, त्यांना दारापर्यंत मागे नेलं आणि नवऱ्याला म्हटलं, "मशीन दोन्ही हातांनी धरा. बटणाले हात लावू नका." त्याने बटणाकडे पाहिलं, मग आईच्या मनगटाकडे. मशीन घट्ट धरली.

मी पिन लावली.

खटक्यावर बोट नसताना मशीन किंचाळली. हार एका झटक्यात आवळला गेला, दोरा तुटला, झेंडूच्या पाकळ्या भिंतीपर्यंत उडाल्या. मी पिन ओढली. सासूबाई स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने चोळत उभ्या होत्या. बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

दसरा झाल्यावर नवऱ्याने ते बटण काढून टाकलं. बोट दुखलं की तो काम थांबवी.

सासूबाईंनी मला चांगलं म्हटलं नाही. रंध्याला लाथ मारल्याचं त्या वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगत. मात्र पुढच्या खंडेनवमीला सतरंजीवर बसल्या तेव्हा त्यांनी मशीनची पिन मागून घेतली, मांडीजवळ ठेवली आणि पहिलं कुंकू तिला लावलं.