केबिनमधली दुसरी बाटली

क्रेनच्या केबिनमध्ये दोन बाटल्या असतात. एक प्यायची, एक न प्यायची. सत्तर मीटर उंचीवर, दोनशे सोळा पायऱ्यांच्या शिडीच्या टोकाला बसलेला माणूस लघवीसाठी खाली उतरायला लागला तर इमारत उभी राहायची कधी? म्हणून ही दुसरी बाटली. सकाळी ती रिकामी वर जाते आणि संध्याकाळी भरून खाली येते.

भिंगरीची बाटली मात्र या वर्षी जवळजवळ रिकामीच खाली यायला लागली.

भिंगरी हे त्याचं शाळेतलं नाव. मास्तर फळ्याकडे वळले की हा खिडकीत, खिडकीतून हाकलला की दारात. वय छप्पन्न झालं, केस पिकले, मुलगी संसाराला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे पोटापाण्याला कामही मिळालं ते गरागरा फिरणाऱ्या क्रेनवरचं.

गंमत संपली दोन वर्षांपूर्वी. हूकला सळयांचा भारा होता आणि भिंगरीचं लक्ष समोरच्या इमारतीच्या काचा पुसणाऱ्या माणसाकडे गेलं. किती सेकंद, ते त्याला आजही सांगता येत नाही. वॉकी-टॉकीवर किंकाळी ऐकू आली तेव्हा भारा त्याच्या मेहुण्याच्या हेल्मेटवरून हातभर अंतराने सरकून गेला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. क्रेनला खालून इशारे द्यायचं काम त्याचं.

संध्याकाळी मेहुणा एवढंच म्हणाला, "भावोजी, ताईला बोलू नका हं. खाली का उभा होतास म्हणून मलाच फाडून खाईल."

त्याच आठवड्यात भिंगरी कुणालाही न सांगता मनाच्या डॉक्टरांकडे गेला. लक्ष न टिकण्याचा हा विकार लहानपणापासूनचा, आजवर कुणी ओळखला नाही इतकंच, असं ते म्हणाले. छाती तपासून, रक्तदाब बघून त्यांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली. पहिल्या दिवशी ती घेऊन तो वर बसला आणि हूककडे बघत राहिला. हूक नजरेतून हलला नाही. काचा, कबुतरं, स्वतःच्याच डोक्यातले शंभर आवाज, सगळे शहाण्यासारखे गप्प बसले होते. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. भिंगरी केबिनमध्ये एकटाच रडला.

साइटवर सांगितलं असतं तर तंदुरुस्तीच्या फॉर्मवर शेरा पडला असता. घरी सांगितलं असतं तर का घेता, हा प्रश्न आला असता आणि त्यामागोमाग ते हातभर अंतर. त्याने बायकोला सांगितलं, पित्ताची गोळी आहे.

मग या वर्षी धार बारीक झाली. साइटच्या मुतारीत तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. शेजारी तिघे येऊन जात.

"भावोजी," मेहुणा बाहेरून ओरडे, "आत बिऱ्हाड थाटलंत की काय?"

भिंगरी हसे, आणि हसताना आलेलाही थेंब अडके. त्यावर उपायही त्याने शोधला तो क्रेनवाल्यांचाच: पाणीच प्यायचं नाही.

पण यंत्रावरचा माणूस. मोजल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्याने त्या दुसऱ्या बाटलीवर मार्करने रेघा मारायला सुरुवात केली. रविवारी साइट बंद, म्हणून गोळीलाही सुट्टी. रविवार आणि सोमवार, दोन्ही दिवशी पाणी अगदी मोजून सारखं प्यायचं आणि किती बाहेर आलं त्याची रेघ मारायची. तीन आठवडे रविवारची रेघ वर, सोमवारची खाली. चौथ्या सोमवारी त्याने मार्कर फेकून दिला.

मनाचे डॉक्टर दर वेळी विचारत, "लघवीला काही त्रास?"

"छे हो!" भिंगरी म्हणे. हो म्हटलं तर गोळी जाणार. गोळी गेली की हूक सुटणार. आणि हूकच्या खाली कोण, हे त्याला पाठ होतं.

एका मंगळवारी सकाळपासून एक थेंबही आला नाही. अकराच्या सुमारास क्रेनला काँक्रीटची तयार भिंत लागली, चार टनांची. अशी भिंत मजल्यावर टेकवून सोडता येत नाही. मागचे तिरके टेकू बोल्टने पक्के होईपर्यंत क्रेनने ती धरून ठेवावी लागते. चौदाव्या मजल्यावर, त्या भिंतीच्या सावलीत, मेहुणा आणि आणखी दोघं टेकू लावत होते.

"भावोजी, धरून ठेवा. एका बोल्टचे आटे गेलेत, दुसरा आणायला गेलेत."

"किती वेळ?"

"येईलच. का हो, घरी पाहुणे आलेत का?"

"तू बोल्ट बघ."

ओटीपोट दगड झालं होतं. कळ कमरेतून मांडीत उतरत होती. भिंगरीने बाटली उचलली, जागच्या जागी अर्धवट उभा राहिला, दात आवळले. काही नाही. पुन्हा बसला. डोळ्यांत घाम गेला, पण डोळे भिंतीवरून हटले नाहीत. गोळी तिचं काम चोख करत होती. वरचं सगळं तिने जागेवर धरलं होतं, आणि खालचंही.

पस्तीस मिनिटांनी आवाज आला, "पक्की झाली. सोडा!"

त्याने साखळी सैल केली, यंत्र बंद केलं आणि शिडीला लटकला. पायरीपायरीला पोट लोखंडाला घासत होतं. एकशे दहापर्यंत त्याने पायऱ्या मोजल्या, मग देवाचं नाव घेतलं, मग तेही राहिलं. तो खाली पोचला तेव्हा चौदाव्या मजल्यावरून धावत आलेल्या मेहुण्याला वाटलं, भावोजींचं हृदयच गेलं.

हॉस्पिटलात नळी घातली. पिशवीत सव्वा लिटर जमलं. तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.

"प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय. रोजची औषधं कोणती?"

"पित्ताची एक, सकाळी," बायकोच म्हणाली. "बाकी ठणठणीत आहेत."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. दारात मेहुणा उभा होता, एका हातात भावोजींचे बूट, दुसऱ्या हातात दोघांची हेल्मेटं. भिंगरी गप्प राहिला असता तर परवा पुन्हा गोळी, पुन्हा केबिन. आणि पुढच्या वेळी पस्तीस मिनिटं धीर निघाला नाही तर?

"पित्ताची नाही ती," तो म्हणाला. मग सगळंच बाहेर आलं. बाटलीवरच्या रेघा, काचा पुसणारा माणूस, हातभर अंतर.

बायकोने भावाकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"ताई, डोक्यावर हेल्मेट होतं ना."

"सळयांच्या भाऱ्याला हेल्मेट?" ती म्हणाली, आणि मग कुणाशीच बोलली नाही.

"ग्रंथी गोळीनेच वाढली का, ते मी छातीठोक सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात बऱ्याच जणांची वाढते. पण असल्या गोळीने मूत्राशयाचं तोंड आवळू शकतं. आधीच दार अरुंद, त्यात आतून कडी. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. तूर्त गोळी बंद."

"मग मी वर..."

"वर नाही. एवढ्यात तरी नाही."

शुक्रवारी सकाळी नळी काढली. नर्सने बेसिनचा नळ सोडून ठेवला आणि पडदा ओढला. भिंगरी भांडं धरून उभा राहिला. बराच वेळ नुसतं नळाचंच पाणी वाजत होतं. मग एक थेंब आला, मग तुटक, मग चक्क धार. पडद्याबाहेर बायकोला ते ऐकू गेलं असावं, कारण तीन दिवसांत पहिल्यांदाच ती बोलायला लागली. घरचं काही, मुलीचा फोन, साइटवरून आलेला निरोप.

खिडकीतून लांबवर एक क्रेन दिसत होती. हूकला काहीतरी होतं. हूकच्या वर एक कबुतर, कबुतराच्या मागे ढग, ढगाला नाक...

"अहो! तिसऱ्यांदा विचारतेय. त्यांना काय कळवू?"

"कुणाला?" भिंगरीने विचारलं.