चष्म्यातल्या ठाकरणी

"अगं ए, हात नको लावूस! केसांना तेल आहे तुझ्या. चष्मा खराब होईल."

मॅडम सगळ्या पाहुण्यांसमोर बोलली. मी हात मागं घेतला. दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं व्हतं. पाहुणे हसले नायत. हसले असते तर परवडलं असतं. लांब सरकले मेले.

आन त्या चष्म्यात कोण व्हतं? मीच!

कर्जतच्या पुढं, आमच्या ठाकरवाडीखाली मुंबईवाल्यांचं फार्महाऊस हाय. तिथं मी मॅडमच्या हाताखाली झाडलोट करायचे. एक हॉल त्यांनी आतून काळा रंगवला. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा बांधायचा, की रान दिसतं, रानात नाचणाऱ्या ठाकरणी दिसतात. तुमी हात उचलला की त्या उचलतात. तुमी वाकलात की त्या वाकतात. बाकीच्यांना ते समोरच्या भिंतीवर दिसतं. ह्याला ते लोक कला म्हणतात.

उन्हाळ्यात मॅडमनं मला अंगाला चिकटणारा काळा ड्रेस घालायला लावला. जागोजागी बटणं, मी हलले की मशीन ते टिपणार; तोंडाचेबी चारी बाजूंनी फोटो काढले. "तुमच्यातला गौरीचा नाच कर," म्हणाली.

मी म्हणाले, "बाजूला बाया लागतील."

आमच्यात फेर धरून नाचतात, हातात हात घालून. एकटी नाचते ती अंगात आलेली, तिला बाकीच्या बायाच धरून थांबवतात.

"तू एकटीच कर गं. बाकीच्या आम्ही मशीनमध्ये करू."

तिच्या हाताखाली काम करणारी मी, नाय कसं म्हणणार? शेजारी कोण नाय, तरी हात पुढं करून नाचले.

घरी चुलतीला सांगितलं. भाकर थापता थापता तिचा हात थांबला. "एकटी नाचलीस? आता तुला थांबवायला कोण हाय गं तिथं?" मी हसण्यावारी नेलं.

चष्म्याला हात लावू दिला नाय त्या दिवशी मी भिंतीवर बघितलं. फेरातल्या साऱ्या बायांचं तोंड माझं! एक तरणा पाहुणा चष्मा लावून चार पायांवर आला. भुंकला. सगळ्याच्या सगळ्या मी चार पायांवर आले. त्यानं ढुंगण हलवलं, मी हलवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. नदीवर उघड्यात अंघोळ करताना कधी अशी लाज वाटली नाय मला.

शो संपल्यावर मॅडमनं पिशवीतून आणखी एक काळा ड्रेस काढला. लहान. माझ्या पोरीच्या मापाचा. पोर चौथीत हाय. सुट्टीला माझ्यासंगं यायची, तेव्हाच बघून ठेवली असणार.

"उद्या मुलीला घेऊन ये. पुढच्या शोला लहान मुली हव्यात."

"नाय आणणार."

"अगं, नाव होईल तिचं."

"माझं झालं का? हॉलच्या दारावर नाव तुमचं हाय."

"मग कामावर येऊ नकोस."

फडकं तिथंच टाकलं आन निघाले.

वाडीत घरोघर गेले. सगळं सांगितलं, माझं कुत्रं केलं तेबी. आता आमी बाया फाटकावर बसलोय. चुलतीबी हाय. आतून टाळ्या ऐकू येतात, म्हंजे कुणीतरी मला नाचवतंय. मॅनेजर येऊन गेला. पोलिसांना बोलवतो म्हणाला. बोलव की! आमच्या वाडीची एक पोर त्या हॉलात जाणार नाय. आन माझ्या डोळ्यांदेखत मशीनमधनं मला पुसल्याबिगर मी हितनं हलणार नाय.