आईबरोबर बाजारात गेलेला उमेदवार

कुळगावात आमच्या घरापासून बाजारापर्यंतची वाट आई कधी एका दमात चालली नाही. वाट लांब नव्हती, पण वाटेत माणसं फार होती. गिरणीपाशी दोन शब्द, शिंप्याच्या पायरीवर जरा टेकणं, पुढच्या ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या बाईला तिच्या सुनेची तब्येत विचारणं, असं करत आम्ही पोचायचो तेव्हा बाजारातली मेथी मलूल झालेली असायची. मी तेव्हा शाळेत होते. पिशवीचा एक बंद आईच्या हातात, एक माझ्या, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध. मागून टांगा आला तर टांगेवाला घोड्याचा लगाम ओढून म्हणायचा, "वहिनी, जरा बाजूला होता का?" आणि आई बोलणं न थांबवता बाजूला व्हायची.

बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. पहिल्या पाळीहून आले की चहा घेऊन तेही कधीकधी निघायचे, पण आमच्याबरोबर नाही, थोडे पुढं. त्यांच्या पिढीत नवरा-बायको जोडीनं चालत नसत. आई गप्पांना उभी राहिली की तेही पुढं विजेच्या खांबाला टेकून पेपर उघडायचे. कधी घाई केली नाही. मला आता वाटतं, त्यांच्या संसारातला सगळ्यात निवांत वेळ तोच असावा.

मग गाव वाढलं. शेतांच्या जागी इमारती आल्या, आमचंही शेत त्यात गेलं. ही तक्रार नाही, त्याच्या पैशांवरच आमचं घर पक्कं झालं. रस्ता सिमेंटचा झाला आणि घरांच्या उंबऱ्यांपेक्षा उंच गेला. कडेला फुटपाथ झाला, तर त्यावर दुचाक्या लागल्या, दुकानांच्या पाट्या आल्या, दुकानात चढायच्या लोखंडी पायऱ्या आल्या. चालणारा माणूस खाली गाड्यांमध्ये उतरला. बाबा गेल्यावरही आई नेमानं बाजारात जात होती. मग एका सकाळी कुणीतरी स्कूटर न बघता मागं घेतली. आई पडली आणि तिचं मनगट मोडलं.

हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण आई घराबाहेर पडेना. "पाय दुखतात," म्हणायची. पाय ठणठणीत होते. मी उल्हासनगरला नोकरी करते, येताना भाजी आणायचे, नाहीतर फोनवरून मागवायचे. आई पिशवीतलं एकेक वांगं उलटंसुलटं करून बघायची आणि विचारायची, "ही निवडली कोणी?" दिवसभर ती वरच्या गॅलरीत बसायची. रस्त्यानं कोण गेलं, कोण आलं ते मला संध्याकाळी सांगायची. पण गॅलरीतून माणसं नुसती दिसतात. त्यांच्याशी बोलायला खाली असावं लागतं.

अशात बऱ्याच वर्षांनी पालिकेची निवडणूक लागली. एक उमेदवार आमच्याच आळीत वाढलेला, लहानपणी आईच्या हातची तांदळाची भाकरी खाल्लेला. पांढरा शर्ट, गळ्यात पक्षाचा पट्टा, मागं पोरांचा घोळका आणि ढोल घेऊन तो घरी आला. आईच्या पाया पडला.

"काकी, आशीर्वाद द्या. काही काम असंल तर हक्कानं सांगा."

"हाय एक काम," आई म्हणाली. "माझ्यासंगती बाजारात चल. भाजी आणायची हाय."

पोरं हसली. तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता? भाजी घरी पाठवतो ना."

"भाजी येते रे घरी. मला जायचंय. आणि तू एकटा ये. ढोल नको, गाडी नको."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच आला, साध्या चपला घालून, एकटा. मी पिशवी घेऊन दोघांच्या मागं चालू लागले.

सुरुवातीला तो पुढाऱ्यासारखा चालत होता, डावीकडं-उजवीकडं हात जोडत. आईनं त्याचं कोपर धरलं. "मतं मग माग. आधी खाली बघ." फुटपाथवर चढायचं, दुचाक्या आल्या की उतरायचं, पुढं पाटी आली की वळसा घालायचा. एका ठिकाणी गटाराचं झाकण तिरकं झालं होतं, तिथं तोच अडखळला. मागून टेम्पोनं हॉर्न दिला तेव्हा तो आपसूक आईच्या बाहेरच्या बाजूला आला आणि मग शेवटपर्यंत त्याच बाजूनं चालला. जिथं पडली होती तिथं आई थांबली. पुढं पाऊल टाकेना.

"इथंच," ती म्हणाली.

त्याचा फोन वाजत होता. त्यानं तो बंद केला आणि आईचा हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "काकी, मी रोज ह्याच रस्त्यानं जातो. पण गाडीतून."

"म्हणूनच तुला आणला," आई म्हणाली, आणि चालू लागली.

बाजारात आईची नेहमीची भाजीवाली तिला बघून उठून उभी राहिली. "अगं बया, मला वाटलं तुम्ही गेलात."

"कुठं?"

भाजीवालीनं वर बोट केलं. दोघी इतक्या हसल्या की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आईनं वांगी निवडली, मनसोक्त वेळ लावून. उमेदवार पिशवी धरून उभा होता.

तो निवडणुकीत पडला. बरेच दिवस आळीत दिसेना. आईला ते बरं वाटेना. एका संध्याकाळी तिनं साडी बदलली आणि म्हणाली, "त्याच्या घरी जाऊन येते."

"रिक्षा बोलावू?"

"चालत जाते. तू येऊ नको."

मी गॅलरीतून बघत राहिले. कडेकडेनं, भिंतींना हात लावत ती वळणापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उन्हातून आल्यासारखी लाली होती. मी विचारलं, तो काय म्हणाला?

"तो काय बोलतोय. मीच बोलले. हरलास तर हरलास, घरात भाजी लागते का नाय?"

त्यानंतर रविवारी सकाळी तो यायला लागला. आता मागायला मतं नव्हती, त्यामुळं त्याला वेळही होता. चालता चालता तो दुकानदारांशी बोलायचा. उल्हासनगरहून इथं आलेल्या एका सिंधी कापडवाल्यानं पहिल्यांदा आपली पाटी आत घेतली. "माझी अम्मा पण चालते ना," एवढंच म्हणाला. त्याचं बघून शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं लोखंडी पायरी काढली. पण पुढच्या मोबाइलवाल्यानं विचारलं, "तू कोण सांगणारा? तू तर पडलास." तो पाटीला वळसा घालून पुढं निघाला. तिथला फुटपाथ अजून तसाच आहे. तिथं आई खाली उतरते, माझा नाहीतर त्याचा हात धरून.

जुना रस्ता परत आला असं मी म्हणणार नाही. मधोमध चालणं तर आता स्वप्नातच. पण आई बाहेर पडते. गेल्या रविवारी तिनं समोरच्या इमारतीतल्या एका सुनेलाही बरोबर घेतलं. ती नवीनच खरवईकडून इकडं राहायला आली आहे आणि तिनं बाजार अजून पाहिला नव्हता. कापडवाल्याच्या पायरीवर त्या दोघी टेकल्या आणि कुठल्याशा ओळखीतून ओळख निघत गेली. मी आणि पडलेला उमेदवार पिशव्या घेऊन उभे होतो. त्या दिवशी आम्हाला जेवायला फार उशीर झाला.