जोड्याच्या नोंदीत एक दुरुस्ती

सबनीस सरांना मी पहिल्यांदा भेटले ती ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत. पुण्याची इंजिनिअर, चाळिशीला टेकलेली, आणि निघाले होते पुरातत्त्व शिकायला! “उशीर झाला का हो, सर?” मी विचारलं. सर हसले. “आपली गिऱ्हाईकं दोन हजार वर्षं थांबलीत. त्यांना कसली घाई?”

सर दर जूनमध्ये, इथे थंडी पडली की, ब्रिटनच्या उत्तरेला एका रोमन सरहद्दी किल्ल्यावर उत्खननाला जातात. तिथली माती इतकी ओली आणि घट्ट की आत हवा शिरत नाही, म्हणून लाकूड, कातडं सगळं टिकतं. हे सांगताना पंचाहत्तरीतही सरांचा आवाज चढतो, चहा गार होतो.

पहिल्याच वर्षी मीही सरांबरोबर गेले, आणि माझ्या खुरपीला कातडं लागलं. लहान मुलाचा जोडा! रोमन सैनिकाच्या पोराचा! अहो, मी किंचाळलेच. मग धांदरटपणा केला. त्याआधी भारतात एका कोरड्या साइटवर काम केलं होतं; तिथे खापरं धुऊन उन्हात वाळवायची पद्धत. मी जोडा धुतला आणि उन्हात ठेवला. थोड्याच वेळात तळवा पापडासारखा वळायला लागला.

उत्खननाच्या प्रमुख बाई एवढंच म्हणाल्या, “हिला परत पाठवा.” माझा सगळा प्रबंध त्या किल्ल्यावर होता.

सरांनी जोडा अलगद पाण्यात सोडला आणि बाईंना म्हणाले, “कातडं ओलंच ठेवायचं, हे मी तिला सांगायला विसरलो. चूक माझी.” उत्खननाच्या डायरीतही त्यांनी तसंच लिहिलं, खाली सही केली. मी राहिले. जोडा वाचला, टाच तेवढी वाकडी झाली.

सर नोंदींच्या बाबतीत भयंकर कडक. ‘बहुधा’ लिहिलं तर पान परत करतात. माझा प्रबंध त्यांनी चारदा परत केला, आणि दर वेळी काकूंच्या हातची थालीपीठं खायला घालून! अशा माणसाच्या हातची एकच नोंद खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे. तेव्हा घाबरून गप्प बसले, पुढे लाजेने. आज सर्वांसमक्ष लिहिते: सरांनी सांगितलं होतं. दोनदा. मी फोटो काढत होते.

सर, रागावू नका. आपल्याला उदंड आयुष्य आणि ठणठणीत गुडघे लाभोत. यंदाच्या जूनमध्ये ती डायरी उघडू, आपली सही खोडू, आणि तिथे माझी करू.