भैरोबाचा कौल

झेंडूचा वास आला की अजूनही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मॅट्रिकनंतर मला पुण्याला कॉलेजात पाठवायचं की लग्न लावून द्यायचं, हे आजोबांनी कळसच्या भैरोबाला विचारलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूचं एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर पुणं, डावं पडलं तर लग्न. गाभारा धुपानं कोंदला होता. मी सारखी चुळबुळत होते. "गप हुबी ऱ्हा पोरी, त्येला इचार करू दे," आजोबा दटावत होते. आणि दोन्ही फुलं एकदमच पडली. आजोबांनी देवाला हात जोडले. मग ती फुलं माझ्या ओंजळीत ठेवत म्हणाले, "त्येच्या मनातलं आपल्याला न्हाय कळायचं. आता तूच सांग." मी "पुणं" म्हणाले. बाळांनो, ते मी म्हणाले की तो, हे मला अजून उमगलेलं नाही.