मिरकरवाड्याचा बर्फ आणि माझा पहिला सल्ला

आधी एक दुरुस्ती. मिरकरवाडा बंदरावर इब्राहिमशेठचा बर्फाचा कारखाना आहे. तिथून मागवलेल्या विक्रीच्या नोंदी ढिसाळ असल्यामुळे संगणकाला त्यातून काही सापडत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. नोंदी चोख आहेत. चुकले मी.

संगणकाविषयी लेख लिहायचे आणि सल्ला द्यायचा, एवढ्यावर जगता येईल का, हे मला या पहिल्या कामावरून ठरवायचं होतं. ते फसलं तर पुण्याची विमा कचेरीतली नोकरी सोडायची नाही. पाच दिवसांची रजा काढून पहाटेच्या एसटीत बसले. आंबा घाटात पोट ढवळतं, त्यामुळे पुढची जागा धरा. साखरप्याला गरम घावणे मिळाले. रत्नागिरीत स्टँडजवळ वीस रुपयांत स्वच्छ खोली मिळते.

"भावाने कुवेतहून हे संगणकाचं मशीन पाठवलंन," शेठ म्हणाले, "पण बर्फ एक दिवस गटारात जातो, दुसऱ्या दिवशी पुरत नाही. मशीन नुसतं बघत बसतंय, बाय."

बर्फ नेणाऱ्यांनाच विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी भाट्ये, पावसवरून पूर्णगडला गेले. शेठच्या ओळखीचे, होडीवरचे तांडेल म्हणजे म्होरके, कासमचाचा जाळं शिवत बसले होते. कोणत्या तारखांना बर्फ जास्त लागतो, असं मी विचारलं.

"दर्या काय तारीख बघून चढतो? अष्टमी ते एकादशी भांग, भरती-ओहोटी नरम. पाण्याला ओढ नाही, जाळ्यात मासळी नाही. म्हणून तर घरी बसलोय. उधाण येऊ दे, मग बघ."

दहा वर्षांची होईपर्यंत वडिलांनी मला घरीच शिकवलं, तेही पंचांगापासून. आणि मी वर्षभराच्या नोंदी तारखांनी लावत बसले होते.

त्याच संध्याकाळी कारखान्यात परतल्यावर पंचांग मागवून प्रत्येक नोंदीपुढे तिथी भरली. तीनदा तपासली. बर्फाच्या मागणीची, महिन्यातून दोनदा चढणारी, दोनदा उतरणारी रेघ पडद्यावर स्वच्छ उमटली. दशमीला मी सांगितलं, "आज बर्फाचे निम्मेच डबे भरा." संध्याकाळी एक लादी उरली नाही, एक होडी अडली नाही. द्वादशीला वाढवायला सांगितलं, तोही अंदाज बरोबर आला.

"वर्षभर तूच सांगायचंस," शेठ म्हणाले. "आंब्याच्या कॅनिंगवाल्यालाही तुझं नाव दिलंय. भिऊ नको, त्याचं मशीन माझ्याहून लहान आहे."

आता पुण्यात आहे. सोलकढीची चव अजून आठवते, पण त्याहून जास्त आठवतं ते शेठचं ते "तूच". राजीनामा दोनदा लिहून काढलाय, शुद्धलेखन तपासलंय. येत्या गुरुवारी, कचेरी उघडल्या उघडल्या, साहेबांच्या हातात देणार आहे.